पाणकावळा पास झाला

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काहीही संबंध नाही पण ऐकल्याशिवाय राहवत नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या गावचे पाणकावळे काकाजी बोलता बोलता वाक्य अर्धवट टाकून पाण्याखाली गेले, तर श्रोत्यांनी घाबरू नये, जागा सोडू नये आणि विशेषतः वाक्याचा शेवट आपल्या मनाने लावून घेऊ नये. उरलेलं वाक्य काकाजी स्वतः वर येऊन पूर्ण करतील.

ही सूचना मी लहानपणापासून पाळत आलो. छातीभर पाण्यात उभे राहून काकाजी तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, मंडळींना सांगायचे, "यंदाचा कटला म्हनजे..." आणि गडप. पाण्यावर चार बुडबुडे. पाळीवर कोणी बिडी पेटवायचं, कोणी धोतराचा सोगा पिळायचं, नवखा पाहुणा असला तर तो उठून उभा राहायचा. मग भलतीकडेच, कमळाच्या पानांपलीकडे, एक काळंभोर डोकं वर यायचं, नाकावरचं पाणी निपटायचं आणि म्हणायचं, "...नुसता काटा आहे. मास नाही." मधल्या वेळात काही घडलंच नाही असा चेहरा. पाहुणा कपाळावर हात मारून खाली बसायचा आणि आम्ही पोरं आनंदाने चिखलात लोळायचो.

पाणकावळे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पाणकावळा पक्षी जसा बुडी मारून एकीकडे जातो आणि दुसरीकडे निघतो, तसे ते, म्हणून गावाने नाव दिलं. ते तलावात मासे धरणाऱ्या घरातले, आम्ही तलावाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या घरातले. आमचं गाव दिघोरीच्या अलीकडे. तलाव मालगुजारांच्या काळातला. पाणी शेतात सोडायचं त्याचं दार, ज्याला आम्ही तुडूम म्हणतो, ते दरसाल गाळाने आणि ओंडक्यांनी हटकून अडायचं. मग गर्भातला, लोंबी फुटायच्या बेतातला धान डोळ्यांदेखत सुकायला लागला, की सगळं गाव पाळीवर आणि काकाजी तळाशी. आमचे बाबा त्यांच्याबरोबर दम धरून उभे राहत, लाल होत, सोडत, पुन्हा धरत. काकाजी वर येईपर्यंत बाबांचे तीन-चार दम खर्ची पडायचे. मग खालून पाणी घुमत निघायचं आणि बाबा म्हणायचे, "आपल्या धानाच्या बांध्या या मानसाच्या छातीवर पिकतात."

काकाजींची छाती म्हणजे गावाची मालमत्ता. ती दाखवायला पाहुण्यांना तलावावर नेत. अडकलेलं जाळं सोडवायचं, पडलेली घागर काढायची, कोणाच्या म्हशीच्या गळ्यातली घंटा शोधायची, काकाजींना हाक. पैसे विचारले तर म्हणायचे, "हवा माही आहे, पानी सरकारचं आहे, तुह्याकडून काय घेऊ?"

अशा माणसाचं दुखण्याबद्दल एक तत्त्वज्ञान असणारच. ते असं : "दुखनं बाईमानसाले शोभते. मानसाचं काय, एक बुडी मारली का सारं पान्यात." हे ते इतक्या वेळा आणि इतक्या प्रसन्नपणे म्हणत, की गावातल्या सगळ्या पुरुषांनी ते पाठ केलं होतं. ताप आला तरी शेतावर, पाय मुरगळला तरी पाळीवर. सुई टोचून घ्यायची ती बायकांनी आणि बकऱ्यांनी, अशी आमच्याकडची रीत.

याच्या अगदी उलट टोकाला काकी, म्हणजे त्यांची बायको. काकीला दुखत नव्हतं अशी जागा देवाने तिच्या शरीरात ठेवलीच नव्हती. सकाळी अंगण झाडताना कंबर, भाकरी थापताना खांदा, बाजाराला निघताना टाच. आणि ते सगळं ती गल्लीला मोठ्याने कळवायची. "आई गे, आज तं माहे गुडघे मले सोडूनच चालले" असं एकदा ऐकू आलं, की समजावं, सहा वाजले. तिच्या कण्हण्यावर आमच्या गल्लीत चहाची भांडी चढत. काकाजी ओट्यावरून ओरडायचे, "नाटक करून राह्यली रे, नाटक. झाडीपट्टीच्या कंपनीत टाका इले." आणि संध्याकाळी मी डोकावलो तर हेच गृहस्थ तिचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळत बसलेले. मला पाहून म्हणायचे, "पाहून राह्यलो, खरंच दुखते का नाटक आहे ते." तपासणी तासभर चालायची.

काकी मासळी विकायची आणि तिचं भांडवल होतं नाक. मासा हातात न घेता, टोपलीवरून नुसती मान फिरवून ती सांगायची की हा सकाळचा, हा रात्रीचा, आणि हा ज्याने धरला त्याने आधी उन्हात झोप काढली. दिघोरीच्या बाजारात तिच्या शेजारी बसायला बाकीच्या विक्रेत्या कचरत. गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळलं, की ही आपल्या जागेवरून हळूच म्हणायची, "घे बापा, घे. घरी मांजर असनच."

त्याच नाकाने एकदा काकाजींचा हात वाचवला होता. शिंगाळा माशाचा काटा तळहातात खोल गेला होता आणि काकाजींनी कोणालाही सांगितलं नव्हतं. हात पाठीमागे ठेवून बोलायचे, डाव्या हाताने जेवायचे, "आज डावा हात जेवाले मागून राह्यला" म्हणायचे. एके दिवशी काकी भात वाढता वाढता थांबली. "तुमच्या आंगाले सडका वास येऊन राह्यला," म्हणाली. काकाजी म्हणाले, जाळ्याचा. काकी म्हणाली, "जाळ्याचा वास मले शिकवता का?" आणि पाठीमागचा हात ओढून पुढे आणला. तो फुगून तेलातल्या पुरीसारखा झाला होता. तिने शिव्या देत देत त्यांना दवाखान्यात नेलं. बैलगाडीच्या मागे बांधलेल्या गोऱ्ह्यासारखे ते गेले. परतल्यावर पट्टी मिरवत म्हणाले, "माहं दुखनं मले नाही समजत, इच्या नाकाले समजते. मंग मी कायले तरास घेऊ?" आम्ही सगळे हसलो. हसण्यासारखंच होतं ते.

आता कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा उन्हाळा. मी शहापूरला शाळेत शिकवतो. शाळा बंद, म्हणून गावी आलो होतो. गावात तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष हे एक बडं प्रस्थ. त्यांच्याशी गावात कोणाचा तंटा नव्हता, कारण त्यांच्याशी बोलून कोणी जिंकत नसे. त्यांच्या मोबाइलवर निरोप आला : दम रोखून धरता आला आणि खोकला आला नाही, तर समजा फुप्फुसं ठणठणीत, आजार नाही. कोणी लिहिलं, कुठून आलं, देव जाणे. दुसऱ्या कुठल्याही गावात हा निरोप वाचून लोकांनी खुर्चीत बसून गाल फुगवले असते आणि विसरून गेले असते. पण आमच्या गावात तलाव होता आणि तलावात काकाजी होते. अध्यक्ष म्हणाले, "आपल्याकडे घरचा तज्ज्ञ असताना भंडाऱ्याले कायले जाचं?"

आणि परीक्षा सुरू झाली. रोज सकाळी गावातले पुरुष कंबरभर पाण्यात रांगेने उभे. काकाजी मधोमध, गळ्यात गमछा, चेहऱ्यावर न्यायाधीशाचा भाव. अध्यक्ष पाळीवरून मोठ्याने अंक मोजत. काकाजी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत, "हं, बूड" म्हणत, आणि उमेदवार पाण्याखाली जाई. पुरेसा वेळ राहिला तर काकाजी म्हणत, "पास." खोकत, धापा टाकत वर आला तर म्हणत, "घाबरला म्हनून वर आला, आजार नाही. उद्या ये." उद्याची परीक्षा सोपी असायची. त्यामुळे परीक्षेत शेवटी कोणीच नापास राहिलं नाही. मीही पास झालो. नाकात गाळ गेला, पण पास झालो.

काकी एकदा टोपली डोक्यावर घेऊन पाळीवरून चालली होती. थांबून म्हणाली, "अन् बायायची परीक्षा कवा?"

काकाजी म्हणाले, "बायायले आधी तोंड बंद कराव लागन. जमन का?"

पाळ हसली, पाणी हसलं. काकी म्हणाली, "हसा बाप्पा, हसा. पास होऊन तहसीलदार व्हा," आणि चालू पडली.

बायकांना परीक्षेला बसवलं नाही, ही त्या उन्हाळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट होती, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. बाई तापली, खोकली, तर तिच्याजवळ पास झाल्याचा दाखला नव्हता. ती पदर तोंडाला लावून आशाताईंच्या दारात जाऊन बसायची. आशाताई म्हणजे आमच्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्या. त्या नाकात काडी घालायच्या, बोटाला रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा लावायच्या, पुढे पाठवायच्या. पुरुष तापला, तर त्याला घरातलेच आठवण करून द्यायचे, "परवाच तं पास झाला ना तू."

मग एके दिवशी शेजारणीने नेलेली मरळ परत आणली. "काकी, वास मारून राह्यली व." काकीच्या जन्मात असं झालं नव्हतं. तिने मासा नाकाशी धरला. कल्ला उघडून पाहिला. मग मासा ठेवून कांदा फोडला. मग घासलेटची बाटली उघडली. मग सुकट ठेवायची रिकामी टोपली, जिच्या वासाने आम्ही पोरपणी नाक दाबून पळायचो, ती तोंडावर पालथी धरून बसली. बराच वेळ तशीच. टोपली काढली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. उंबऱ्यावर बसून म्हणाली, "माहं नाक गेलं." धंदा बुडाला, अशा आवाजात. गुडघा गेला, कंबर गेली असं ती रोज म्हणायची, पण या वेळी गल्लीतलं कोणी हसलं नाही. ती तशीच उठून आशाताईंकडे गेली. त्यांनी गाडी बोलावून तिला भंडाऱ्याला पाठवलं. गाडीत चढताना काकाजींना म्हणाली, "अजी, तुमीबी चला ना. रातभर तुमचं आंग तापलं होतं."

काकाजी म्हणाले, "मी सकाळीच बुडून आलो. पास आहो."

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं की काकाजी खोटं बोलत नव्हते. ते रोज बुडत होते आणि रोज तितकाच वेळ खाली राहत होते. ताप अंगावर घेऊन ते तळाला बसून येत. मग पाळीवर उभे राहून भंडाऱ्याला फोन लावत. "आजबी पास. तू जेवली का?" फोनवर काकीचं कण्हणं ऐकू यायचं आणि मागून दुसऱ्या बायकांचं हसणं. काकाजी समाधानाने म्हणत, "कण्हून राह्यली. म्हनजे बरी आहे." तिचं नाक तिथे, त्यांचा हात इथे. मधे सगळा रस्ता.

मला पहिल्यांदा शंका आली ती जाळं विणण्याच्या सुईमुळे. काकाजी पाळीवर बसून जाळं दुरुस्त करत होते आणि सुई त्यांच्या बोटांतून पडत होती. ते उचलत होते, ती पुन्हा पडत होती. मी जवळ गेलो. नखं जांभळी, ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे. "काकाजी, दम लागून राह्यला का?" मी विचारलं. ते खदखदून हसले. "मले? दम?" आणि पाळीवरचेही हसले. खरंच त्यांना दम लागत नव्हता. ते सरळ बोलत होते, थट्टा करत होते.

मी आशाताईंना बोलावलं. त्यांनी काकाजींच्या बोटाला चिमटा लावला, आकडा पाहिला आणि चिमटा काढून झटकला. दुसऱ्या बोटाला लावला. मग स्वतःच्या बोटाला लावला, तिथे ठीक. माझ्या बोटाला, ठीक. अध्यक्ष सहज पुढे आले, त्यांचाही आकडा जरा उतरलेलाच निघाला, तेव्हा ते दोन पावलं मागे सरले. पुन्हा काकाजींच्या बोटाला लावला. आशाताईंचा आवाज बदलला. "काकाजी, बसून राहा. बोलू नका. मी गाडी बोलावते."

काकाजींनी चिमट्याकडे निरखून पाहिलं. "हे मशीन बायायचं असन," ते म्हणाले. "मानसाचं घेऊन ये."

गाडीला वेळ होता. आशाताई फोन करायला वळल्या. पाळीवर दहा-वीस माणसं गोळा झाली होती आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. ती भीती काकाजींना सहन झाली नाही, असं मला वाटतं. ज्या छातीवर गाव पिकत होतं, त्या छातीकडे गाव शंकेने पाहत होतं. ते उठले. मी हात धरला, तो त्यांनी पोराचा हात सोडवावा तसा सोडवला. "पाह्य तुह्या मशीनीपेक्षा माहं मशीन," म्हणाले आणि पाण्यात उतरले.

बुडबुडे आले. मग तेही थांबले. अध्यक्षांनी सवयीने अंक मोजायला सुरुवात केली. आशाताई ओरडत होत्या, "काढा त्यांना, काढा." कोणी हललं नाही. कारण आम्हाला सगळ्यांना ते पास व्हायला हवे होते. आणि ते झाले. नेहमीपेक्षा काकणभर जास्तच वेळ राहून, कमळांपलीकडे नाही, अगदी जवळच, त्यांचं डोकं वर आलं. एकजण टाळी वाजवून बसला. मग बाकीच्यांनी वाजवल्या.

काकाजी हसले. पाळ चढायला त्यांनी एक पाय टाकला. तो पाय तिथेच राहिला. ते पाण्यात खाली बसले, एखाद्याने शांतपणे बसावं तसे, आणि आमच्याकडे पाहत राहिले. त्यांना नेमकं काय होतंय, ते त्यांनाच ओळखू येत नव्हतं. आम्ही चौघांनी त्यांना उचलून गाडीत ठेवलं. ते इतके जड कधीच नव्हते.

पुढचं मला काकीने सांगितलं, पुष्कळ दिवसांनी, मासे साफ करता करता, माझ्याकडे न पाहता. तिचा वॉर्ड बायकांचा आणि मधल्या जागेपलीकडे पुरुषांचा. बायकांच्या वॉर्डात सारखी बडबड चाले. हिची पाठ दुखते, तिचं डोकं, कोणी कोणाची वेणी घालतंय, कोणी नर्सला हाका मारून जेरीस आणतंय. काकाजींना आणल्याचं कळलं तेव्हा ती हट्ट करून तिकडे गेली. "तिकडं सारं चूप होतं रे," ती म्हणाली. "इतके मानसं, अन् कोनी कण्हून नव्हतं राह्यलं. सारे पालथे पडून. आमच्याकडं मशीनी कमी, तोंडं जास्त. तिकडं मशीनीच बोलून राह्यल्या होत्या."

काकाजींच्या तोंडावर मोठा मास्क होता. तिला पाहून त्यांनी तो बाजूला केला. नर्स रागावली. ते म्हणाले, "तुहं नाक आलं का?"

नाक आलं नव्हतं. काकी म्हणाली, "आलं."

मग त्यांनी हात पुढे केला. तोच हात, काट्याचा. "पाह्य बरं," म्हणाले, "कायचा वास येते."

काकीने तो हात नाकाशी धरला. डोळे मिटून पुष्कळ वेळ धरला. काहीच आलं नाही. तेलाचा नाही, तलावाचा नाही, त्यांचाही नाही. ती म्हणाली, "काही नाही, बरे होऊन राह्यले तुमी." त्यांनी मान हलवली आणि मास्क आपल्या हाताने पुन्हा लावून घेतला, कारण तिच्या नाकावर त्यांचा विश्वास होता.

दोन दिवसांनी काकीला घरी सोडलं. काकाजींना सोडलं नाही. शेवटचं दर्शन कोणालाच झालं नाही.

त्या उन्हाळ्यानंतर आमच्या पाळीवर बसायला जागा फार झाली. संध्याकाळी जिथे खांद्याला खांदा लागायचा, तिथे मधे मधे रिकाम्या जागा. गल्लीत मात्र बायका परतल्या होत्या. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडम एकदा गावात आल्या, वयाने माझ्या विद्यार्थिनींपेक्षा थोड्याच मोठ्या. ग्रामपंचायतीपुढे बसून त्यांनी समजावून सांगितलं. या आजारात रक्तातली हवा कमी झाली तरी कित्येकांना दम लागत नाही, आणि काकाजींनी तर जन्मभर शरीराला एकच शिकवलं होतं, की दम लागला तरी गप्प बस. मग म्हणाल्या, "आजार बाई-पुरुष दोघांना होतो. पण जास्त गंभीर होतात ते पुरुष, आणि जातात तेही पुरुष जास्त. सगळीकडे हेच दिसतंय. थोडं कारण शरीराच्या घडणीत आहे, ते आम्हीही अजून शिकतोय. थोडं सवयीत आहे. ते तुम्हाला माहीत."

अध्यक्षांना हे लागलं. त्यांना स्वतःला त्यांच्या बायकोने सदऱ्याला धरून दवाखान्यात नेलं होतं म्हणून ते तिथे बसलेले होते. "म्हनजे मॅडम, आमी कमजोर?" त्यांनी विचारलं.

"कमजोर नाही," मॅडम म्हणाल्या. "उशिरा येता."

बायका वाचल्या, एवढ्यावर गावाने हिशेब मिटवला. "बायायले काही होत नाही, बाया मांजरीवानी राहतात," असं लोक कौतुकाने म्हणत, आणि काकीच्या देखत म्हणत. काकी वाचली, पण बरी झाली नाही. पाळीचा चढ चढताना आता ती मधे थांबते आणि पदर नीट करते आहे असं दाखवते. केस मूठभर राहिले. भाव सांगता सांगता मधेच विसरते आणि गिऱ्हाईक सांगेल तो भाव घेते. नाक अर्धंमुर्धं आलं. त्याला आता सगळ्याच माशांचा जळका वास येतो. पण हे आम्ही पाहून ओळखायचं. ती सांगत नाही. जिच्या कण्हण्यावर गल्ली जागी व्हायची, तिच्या तोंडून "दुखते" हा शब्दच गेला. सकाळी अंगण झाडल्याचा आवाज येतो, नुसता झाडूचा. मी एकदा मुद्दाम विचारलं, "काकी, गुडघे काय म्हनतात?" ती म्हणाली, "बरे आहेत." मला रडू आलं. माणसाचे गुडघे बरे आहेत म्हणून दुसऱ्या माणसाला रडू यावं, असा तो प्रसंग. शेवटी मीच माझी कंबर धरून थोडा कण्हलो. तिने तेल आणून दिलं आणि आत गेली.

मागच्या दिवाळीनंतर, मंडईच्या दिवशी, अध्यक्षांनी काकाजींच्या नावाने स्पर्धा ठेवली. मंडई म्हणजे आमच्याकडे गावजत्रा. सगळ्यांच्या घरी पाहुणे, रात्री नाटक, दिवसा दंडारीचा नाच. त्यात या वेळी "पाणकावळा स्मृती बुडी स्पर्धा." तलावावर मोठा फलक, त्यावर काकाजींचा फोटो. आयुष्यात एकदाच काढलेला तो फोटो आणि त्यातही ते दम धरून बसल्यासारखे दिसतात. जो जास्त वेळ पाण्याखाली राहील त्याला चषक. मनात काही वाईट नव्हतं हो अध्यक्षांच्या. त्यांना काकाजी हवे होते, आणि काकाजींना परत बोलावायचा दुसरा मार्ग त्यांना ठाऊक नव्हता. निवेदक मी. प्रमुख पाहुणी काकी.

तिला मंडपात लाल खुर्चीवर बसवलं. खांद्यावर शाल, हातात नारळ. मी माझ्या परीने रंग भरला. दम धरणाऱ्या बाबांची नक्कल केली, अर्धवट वाक्याची गंमत सांगितली, लोक हसून लोळले. काकीही ओठांत हसली. मग उमेदवार पाण्यात उतरले आणि मी माईक तिच्यापुढच्या टेबलावर ठेवला, चालूच, आणि पाळीच्या काठाशी जाऊन उभा राहिलो.

शिट्टी झाली. डोकी पाण्याखाली गेली. एकेक वर येत गेलं, खोकत, हसत, नाक पुसत. शेवटी एकच राहिला, दिघोरीचा एक तरणाबांड गडी. त्याचे बुडबुडे थांबले. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत ओरडले, "अजून राहा, अजून राहा, काकाजीले गाठून राह्यला." पोरं नाचायला लागली. टाळ्या वाढल्या, पाणी सपाट होतं आणि तो गडी वर येत नव्हता.

मागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं. काकी उभी होती. शाल खाली घसरली होती, नारळ घरंगळत पाळीवरून उतरत होता. तिची नजर पाण्यावर, त्या सपाट जागेवर. टाळ्या वाजवणाऱ्यांकडे, अध्यक्षांकडे, माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. पुष्कळ दिवसांनी आम्ही तिचा मोठा आवाज ऐकला, आणि तो चारही भोंग्यांतून तलावभर गेला :

"अजी, पुरे झालं. निंगा ना आता बायेर. कोनाले दाखवून राह्यले?"